मावशीही बैठकीला होत्या

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलेय. शाळेत मधल्या सुट्टीत सांगितली. यवतच्या बाजारात जुनी मैत्रीण भेटली, तिला मेथीच्या जुड्या निवडता निवडता सांगितली. धाकट्या दिरांना तर गुऱ्हाळावर जाऊन सांगितली. ते म्हणाले, "वहिनी, जरा दम घ्या." दम कसला घेऊ! अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी डॉक्टर, सिस्टर, फिजिओ मॅडम, आहार ठरवणाऱ्या ताई आणि आंघोळ घालणाऱ्या मावशी एका टेबलाभोवती बसतात, एकमेकांचं काम एकमेकांकडून शिकतात, आणि त्यातून ते माणूस उठून चालायला लागतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वर यावर अख्खी एक विद्या उभी आहे, तिला इंटरप्रोफेशनल एज्युकेशन असं भारदस्त नाव आहे, जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यावर अहवाल काढलेत, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळावं? आजवर कुणीच कसं बोललं नाही?

थोडं मागून सांगते. आमचं राहू गाव दौंड तालुक्यात. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा, म्हणून हा सगळा पट्टा राहू बेट म्हणूनच ओळखला जातो. जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि उसात बिबटे. माझ्या सासूबाईंना घरात सगळे आत्या म्हणतात. आत्यांना काही वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन. त्यात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, पुण्यात ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, आता रोज व्यायाम आणि चोवीस तास लक्ष पाहिजे. घर मळ्यात, गावापासून आत. व्यायाम करून घेणारं कुणी मिळालंच, तर अंधार पडल्यावर उसाच्या कडेने यायला तयार नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? शेवटी आत्यांना पुण्याच्या बाजूला एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, जाहिरात नको. गावात कुजबुज व्हायची ती झालीच. सासूला ठेवून आली म्हणे. खर्चही उसाच्या पहिल्या उचलीला भारी पडला, तेही लपवत नाही.

हॉस्पिटलातले दिवस कसे गेले ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझा आनंद कळायचा नाही. तिथे सगळे हुशार, सगळे कामसू. पण सकाळी एक जण येऊन म्हणे, यांना खुर्चीत बसवा. तासाभराने दुसऱ्या बाई म्हणत, कुणी हलवलं यांना? आहारवाल्या ताई दूध-अंडी वाढवायला सांगून जात. छातीच्या डॉक्टरांचं म्हणणं, खोकला आहे, तोंडाने सांभाळून द्या. आणि या सगळ्यांचे निरोप एकमेकांना पोचवायचं काम कुणाकडे? माझ्याकडे! मी चौथीला मराठी आणि परिसर अभ्यास शिकवणारी बाई. मी वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या माणसाला वाचून दाखवायची. घरच्या माणसाला टपालवाला करून ठेवायची ही रीत आपल्याकडे इतकी रुळलीय, की ती आपल्याला खटकतही नाही.

आता त्या केंद्रातली बैठक. त्या दिवशी आत्यांची पाळी होती, म्हणून मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, स्टीलच्या कपातला चहा. डॉक्टर, सिस्टर, फिजिओ मॅडम, आहारतज्ज्ञ ताई, बोलण्या-गिळण्याच्या अडचणी बघणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, आणि टोकाच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेल्या मावशी. आत्यांचं सगळं त्याच बघायच्या. तक्रारी दोन होत्या. खोकला जात नव्हता, मधूनच ताप यायचा, अँटिबायोटिक देऊनही परत तेच. आणि व्यायामाच्या वेळी आत्या जागच्या हलायच्या नाहीत.

डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, "मावशी, आधी तुम्ही सांगा."

मावशी म्हणाल्या, "आजी पाणी वरून पितात, सर. भांडं वर धरायचं, मान मागं टाकायची. तोंड लावत नाहीत, उष्टं होतं म्हणून. पाण्याला ठसका लागतो. चहा बशीत ओतून दिला, की मान खाली घालून पितात, तवा ठसका नाही लागत."

स्पीच थेरपिस्ट मॅडम खुर्चीत एकदम पुढे सरकल्या. "बशीत? मान खाली? परत सांगा." मग त्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून सगळ्यांना समजावलं. कंपवातात गिळायचे स्नायूही मंद होतात. मान मागे टाकली की श्वासनलिका उघडी राहते आणि पाणी अन्ननलिकेऐवजी तिकडे शिरतं. थोडं थोडं पाणी, थुंकी, अन्नाचे कण छातीत उतरत राहिले की न्यूमोनिया होतो. हनुवटी छातीकडे घेतली तर बऱ्याच जणांना गिळणं सोपं जातं. बऱ्याच जणांना, सगळ्यांना नाही, म्हणून आधी तपासून बघू, असंही त्यांनी बजावलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी छातीवर औषध देत बसलो होतो, आणि दुखणं भांड्यात होतं."

मी थक्क! आत्या जन्मभर वरून पाणी पितात. माझ्या माहेरीही सगळे तसेच पितात. पंढरीला जाणारा वारकरी तसाच पितो. ज्या सवयीला आपण स्वच्छता म्हणतो, तीच या आजारात छातीवर येते, हे कुठल्या एक्स-रेत दिसणार? ते फक्त पाणी देणाऱ्या बाईला दिसतं. पण का होतं ते तिला ठाऊक नाही. आणि जिला ते ठाऊक आहे, ती मॅडम पाणी द्यायला जात नाही. दोघींची गाठ त्या टेबलावर पडली.

दुसरी गाठ तर याहून भारी. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "मी अकराला जाते, तेव्हा आजींचं अंग पार आखडलेलं असतं. एक पाऊल निघत नाही." मावशी म्हणाल्या, "पहाटं उठल्यावर तर बऱ्या असतात की." सिस्टरनी तक्ता काढला. कंपवाताची सकाळची गोळी नाश्त्याबरोबर दिली जात होती. नाश्त्याला काय? आहारताईंनी हाड भरून यायला प्रथिनं वाढवली होती, म्हणून दोन अंडी आणि मोठा पेलाभर दूध. इथे डॉक्टर हसायलाच लागले. या गोळीतला लेव्होडोपा आणि अन्नातली प्रथिनं आतड्यातून शोषली जायला एकाच वाटेने जातात, आणि त्या गर्दीत गोळी मागे पडते. पोटात गोळी आहे, अंगात नाही. मग अकराला आजी हलणार कशा?

यात एकाचंही चुकलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. सिस्टरनी गोळी वेळेवर दिली होती. हाडासाठी प्रथिनं लागतातच. फिजिओ मॅडम ठरल्या वेळेला येत होत्या. जो तो आपापल्या जागी बरोबर, आणि सगळं मिळून आत्या खुर्चीला खिळलेल्या. त्याच बैठकीत ठरलं, की गोळी नाश्त्याच्या पाऊण तास आधी द्यायची, अंडी आणि दुधाचा मोठा वाटा संध्याकाळकडे न्यायचा, आणि व्यायाम गोळी लागू पडल्यावर घ्यायचा. चहा संपायच्या आत तीन जणांचं वेळापत्रक बदललं. एकही नवं औषध नाही, एकही तपासणी नाही, आणि कुणाचा अपमानही नाही! आपल्याकडे डॉक्टरांच्या समोर आयाबाई बोलली तर "तुला काय कळतंय" हे वाक्य तयारच असतं.

दिरांना गुऱ्हाळावर गाठलं ते यासाठीच. आमच्या भागात पावला-पावलावर गुऱ्हाळं, त्यामुळे त्यांना हे समजावायला दुसरा दाखला लागला नाही. काहिलीवर गुळव्या उभा असतो, पाक कधी उतरवायचा ते त्याच्या नजरेवर. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा वेगळा. त्याला पाक दिसत नाही, आणि वरच्याला जाळ दिसत नाही. वरून हाक येते, खालून जाळ कमी-जास्त होतो. दोघांनी अबोला धरला तर गुळव्या कितीही नामांकित असो, ढेप करपणार किंवा पाणचट राहणार. दीर म्हणाले, "मग तुमच्या डॉक्टरांना एवढं साधं आधी का कळलं नव्हतं?" मी म्हटलं, गुळव्या आणि जाळवाला एकाच गुऱ्हाळावर तयार होतात. डॉक्टर आणि नर्स कुठे एकत्र तयार होतात?

खरंच, कुठे होतात? नाशिकला आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं. डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांच्या पदव्या तिथल्याच. विद्यापीठ एक, पण वर्ग वेगळे, इमारती वेगळ्या, पुस्तकं वेगळी. भावी डॉक्टर आणि भावी नर्स एका रुग्णापुढे एकत्र बसून शिकल्या, असं माझ्या ओळखीतल्या एकाही मुलीने सांगितलेलं नाही, आणि आमच्या शाळेतून नर्सिंगला गेलेल्या मुली थोड्याथोडक्या नाहीत.

त्या बैठकीनंतर मला झोप कसली येतेय! रात्री मोबाईलवर वाचत सुटले. जागतिक आरोग्य संघटनेचा 1988 सालचा अहवालच आहे, आरोग्यासाठी एकत्र काम करायचं तर एकत्र शिका, अशा अर्थाचा. 2010 साली त्यांनी याचा पुढचा आराखडा काढला. त्यातली व्याख्या सरळ आहे: दोन किंवा अधिक पेशांची माणसं एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते हे शिक्षण. तिन्ही पाहिजेत. नुसतं एका सभागृहात बसवून भाषण ऐकवलं तर ते चालत नाही. (आमची शिक्षकांची प्रशिक्षणं आठवली. असो.)

मग सापडल्या डॉक्टर मार्जरी वॉरेन. या बाईंची गोष्ट मी दोनदा वाचली. साल 1935, लंडनजवळचं वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल. शेजारच्या गरिबांच्या आश्रमातला दवाखाना त्या हॉस्पिटलच्या ताब्यात आला, आणि तिथले 714 पेशंट वॉरेनबाईंच्या पदरात पडले. म्हातारे, अर्धांगाचे, कित्येक वर्षं पलंगावर. त्यांचं काही व्हायचं नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं, कारण त्यांना नीट तपासलंच नव्हतं. बाईंनी एकेकाला तपासलं, आजारांप्रमाणे वेगळं केलं, आणि नर्स, व्यायाम घेणारे, हाताची कामं पुन्हा शिकवणारे, सामाजिक कार्यकर्ते यांना जोडीला घेऊन माणसं पलंगावरून उठवायला सुरुवात केली. कितीतरी जण घरी गेले! म्हातारपणाचं वैद्यकशास्त्र नावाची शाखा ब्रिटनमध्ये इथून उभी राहिली, आणि ती जन्मतःच अनेक हातांची होती. हे नव्वद वर्षांपूर्वीचं. आमच्या आत्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आणखी एक गंमत. केंद्रात मावशी सिस्टरला फोन करतात तेव्हा एका ठरावीक चालीत बोलतात, हे मी ऐकलं होतं. "सिस्टर, सात नंबरच्या आजींना दरदरून घाम सुटलाय. काल जेवण अर्धंच गेलंय, शुगरची गोळी घेतलीय. मला वाटतंय शुगर उतरली. मशीन घेऊन या लगेच." काय झालंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, काय करावं. चार वाक्यांत सगळं. मला वाटलं मावशींची पद्धत. कसली पद्धत! हा साचा अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आलाय. पाण्याखाली घोळ घालून बोलायला वेळ नसतो, म्हणून तिथे ही शिस्त. पुढे अमेरिकेतल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने ती हॉस्पिटलांत आणली, आणि तिचं एसबार हे नाव जगभर गेलं. त्यातला तिसरा भाग मला सगळ्यात आवडतो, "मला काय वाटतं." आयाबाईला काय वाटतं हे विचारण्याची सक्तीच त्या साच्यात आहे!

दर आठवड्याला अर्धा तास केंद्रात एक जण बाकीच्यांना आपल्या कामातलं काही शिकवतो. फिजिओ मॅडमनी मावशींना माणूस उचलायची रीत दाखवली: कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं, माणूस अंगाजवळ घ्यायचं, आधी त्याला पुढे झुकवायचं. आयाकाम करणाऱ्या बायांची कंबर चाळिशीतच जाते, तिची काळजी यात आधी. सिस्टरनी पाठीच्या जखमा कशा सुरू होतात ते दाखवलं. दाबून बघितल्यावर लाली गेली नाही तर ती नुसती लाली नाही, दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, टाचा रोज बघा. आणि एका आठवड्याला शिकवायची पाळी आमच्या मावशींची. विषय कोणता? खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला नऊवारी कसं नेसवायचं!

हसू नका. आत्या गाऊन घालायला तयार नव्हत्या. गाऊन चढवला की डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहायच्या, कुणासमोर यायच्या नाहीत. व्यायामाला नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नाही. सिस्टरना जखम बघायला गाऊन सोयीचा, आणि तेही खरंच होतं. मावशींनी दोन खुर्च्या मांडल्या, एका सिस्टरलाच पेशंट केलं, आणि पाय आत न वळवता, खुबा काटकोनापुढे न वाकवता, बसल्या बसल्या लुगड्याचा फेर कसा घ्यायचा, कासोटा सैल कुठे ठेवायचा, निऱ्या घोट्याच्या वर कशा राखायच्या म्हणजे पायात येणार नाहीत, हे करून दाखवलं. फिजिओ मॅडम मधेच म्हणाल्या, "थांबा, गुडघ्यामध्ये उशी ठेवा." ठेवली. डॉक्टर मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "मला जखम बघायची असली तर कुठून सोडायचं?" मावशींनी तेही दाखवलं. दुसऱ्या दिवशी आत्या हिरवं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून हॉलमध्ये जेवायला आल्या. कुठल्या नर्सिंगच्या पुस्तकात हा धडा असेल, मला सांगा!

आता बसा नीट, कारण मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. हे विलायती खूळ आहे असं म्हणायची सोयच नाही. हे आपल्या बांधाला झालंय!

जामखेड काही आम्हाला लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोने 1970 साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बाया, कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित, त्यांना आरोग्यसेविका केलं. डॉक्टर, नर्स, सामाजिक कार्यकर्ते यांचं पथक गावात जायचं आणि त्या बाईच्या बरोबरीने काम करायचं. बाया जामखेडला येऊन शिकायच्या आणि आपल्या गावचं डॉक्टरांना शिकवायच्याही. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरची माणसं शिकायला जामखेडला येऊ लागली. मी जामखेडवरून एसटीने कितीदा गेले असेन!

आणि वढू बुद्रुक? शंभूराजांच्या समाधीला आपण सगळेच जातो. शिरूर तालुक्यातल्या त्याच वढूत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण देऊन डॉक्टरांच्या जोडीला घेतलं. बानूबाईंनाही 1993 साली मॅगसेसे मिळाला. वढूच्या पंचक्रोशीतल्या गावांची आरोग्यनोंद 2002 पासून सलग ठेवली जातेय, आणि जागतिक आरोग्य संघटनेने म्हातारपणावर जगभर जो अभ्यास केला, त्यात वढूच्या पन्नाशीपुढच्या माणसांचीही नोंद आहे. भीमेच्या काठाने वर गेलं की वढू. समाधीवर डोकं टेकवून आम्ही परत यायचो, हे कधी बघितलंच नाही.

केडगावचं तर घरातलंच म्हणायचं. पुणे-दौंड लोकलने गेलं की केडगाव स्टेशन, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात रमाबाईंनी शेकडो बायका-मुलींना तिथे आणलं, त्यांत अंध होत्या, अपंग होत्या, आजारी होत्या. मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने अंध बायकांना शिकवलं. शिकलेलीने दुसरीला शिकवायचं, जिला जे जमतं ते तिने बाकीच्यांसाठी करायचं, शेती, विणकाम, छापखाना, स्वयंपाक, शुश्रूषा. रमाबाई 1922 साली गेल्या. मुक्ती अजून चालू आहे. याला कुणी इंटरप्रोफेशनल म्हणणार नाही, मान्य. पण निराधार माणसाची काळजी एका पेशाच्या बसची नाही, हे आमच्या तालुक्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी करून दाखवलंय, आणि आम्ही मुलांची सहल कुठे नेतो? वॉटर पार्कला.

डॉ. अतुल गावंडे यांचं म्हातारपणावरचं 2014 सालचं पुस्तकही याच धडाक्यात वाचून काढलं. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, शंभरी ओलांडून घरच्या माणसांत जगले. आपल्या मराठी वाचकाला तेवढं वाचून बरं वाटतं आणि तो पुस्तक मिटतो. मिटू नका! पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या चेस मेमोरियल नावाच्या शुश्रूषागृहाची गोष्ट आहे. 1991 साली तिथे बिल थॉमस नावाचे डॉक्टर आले आणि त्यांनी दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर पोपट आणले. पोपट आले, पिंजरे आलेच नव्हते! मग डॉक्टर आणि कर्मचारी धांदलीत पिंजरे जोडत बसले, आणि खिडकीतून बघणारे म्हातारे पोट धरून हसले. तिथल्या औषधांचा वापर शेजारच्या तशाच एका शुश्रूषागृहाच्या तुलनेत निम्म्यावर आला. मला त्यात पोपटांपेक्षा ती धांदल महत्त्वाची वाटते. डॉक्टर आणि कर्मचारी एकाच पिंजऱ्याशी झटत होते.

परत आत्यांकडे येते, कारण सांगण्यासारखं अजून आहे. गोळीची वेळ बदलल्यावर आत्या उभ्या राहू लागल्या, पण दारात आलं की पाय जमिनीला खिळायचे. कंपवातात असं होतं. फिजिओ मॅडमनी जमिनीवर खडूने आडव्या रेघा मारल्या, पावलाच्या अंतरावर. म्हणाल्या, रेघ ओलांडायची म्हटलं की मेंदू दुसऱ्या वाटेने पायाला हुकूम देतो. ठेका धरला तरी तेच होतं. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांना नाच शिकवतात तो याच पायावर, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांनी मोबाईलवर टक-टक असा ठेका लावला. आत्या ढिम्म. मावशी म्हणाल्या, "मॅडम, आजी वारीच्या हायेत." तुकोबांची पालखी आमच्याकडून यवत, वरवंड करत जाते, आणि आत्यांनी पालखीच्या पावलांवर अर्धं आयुष्य काढलंय. मावशींनी टाळी धरली, "ग्यानबा-तुकाराम, ग्यानबा-तुकाराम." आत्यांचं उजवं पाऊल रेघेच्या पलीकडे पडलं! मग डावं. फिजिओ मॅडम ख्रिस्ती, त्यांना हा ठेका माहीत नव्हता. त्यांनी तो तिथेच शिकून घेतला आणि त्याची गती मोजून फाईलमध्ये लिहिली. आता आत्या घरी आल्यात, तर ओसरीपासून न्हाणीपर्यंत मी रांगोळीच्या आडव्या रेघा काढते, आणि शेजारचं पोर टाळ्या वाजवतं.

एक गोष्ट मात्र मला सलते, आणि माझ्या उत्साहाच्या भरात ती दडवायची नाहीये. 2021 साली केंद्र सरकारने कायदा करून फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशा पेशांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. फार चांगलं झालं, त्यांना आता मान मिळेल. पण टेबलाच्या टोकाला बसलेल्या मावशींचं काय? ठसक्याचं मूळ त्यांनी सांगितलं, ठेका त्यांनी सांगितला, लुगडं त्यांनी नेसवलं. पगार त्या टेबलावर सगळ्यात कमी त्यांचाच, ओळखपत्रावर हुद्दा 'मदतनीस', आणि सुट्टी घेतली तर दिवसाचे पैसे कापले जातात. ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे, त्यात दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. इमारती बांधता येतील. त्या इमारतींत रोज रात्री कूस बदलणाऱ्या बाईला कोण शिकवणार, आणि तिच्याकडून कोण शिकणार?

दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या वर्गात एक बैठक घेतेय. गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्य केंद्राच्या सिस्टर, औषधाच्या दुकानाचे मालक आणि ज्यांच्या घरी पडून असलेलं माणूस आहे त्या बाया. फिजिओ मॅडम रविवारी यायला तयार झाल्यात, दिवसाउजेडी परतायच्या बोलीवर. पहिला विषय ठरलाय, वरून पाणी पिणं. सुरुवात आशाताईंनी नाही, घरच्या सुनेने करायची.

आणि तुमच्यापैकी कुणी आई-वडिलांसाठी असं ठिकाण शोधत असाल, तर खोली जरूर बघा, न्हाणीतले धरायचे दांडे बघा, दर विचारा. पण त्याच्या आधी एवढं विचारा: आमच्या माणसासाठी तुम्ही सगळे मिळून कधी बसता, आणि त्या बैठकीत मावशी बोलतात का? समोरचा घुटमळला तर चहाला थांबू नका, पुढचं ठिकाण बघा.